मुन्शी कोणाचा?

तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं मोजून घेण्याच्या जागेवर, दिवसभर सामसूम असते. ऊन कललं की तिथे एकदम बाजार भरतो. पहाटे अंधारात जंगलात शिरलेली माणसं दहा-अकराला पानांची ओझी घेऊन घरी परततात. दुपारभर सगळं घर सावलीत बसून पानं जुळवतं, आजी-नातवंडांसह. सत्तर पानांचा एक पुडा, वर सालीच्या वाकाची गाठ. संध्याकाळी हे पुडे डोक्यावरून, सायकलवरून फळीवर येतात आणि मोकळ्या जमिनीवर शंभराच्या हिशेबाने मांडले जातात. मग वही घेतलेला एक माणूस रांगांमधून फिरतो. मधूनच एखादा पुडा उचलतो, सोडतो, मोजतो, फाटकी किंवा कोवळी पानं बाजूला काढतो आणि आकडा लिहितो. हा मुन्शी. फळीवर त्याच्या बॉलपेनला जेवढं वजन असतं तेवढं तहसीलदाराच्या शिक्क्यालाही नसतं.

कर्मचाऱ्यांच्या शिक्षणावर खर्च केला तर व्यवस्थापन सुधारतं का, आणि धंद्याच्या ताळेबंदात ते दिसतं का, हा प्रश्न एरवी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतल्या थंडगार सभागृहांत विचारला जातो. उत्तरही तिथेच मिळतं, बहुधा जेवणाच्या सुट्टीआधी. मला तो सिरोंच्याच्या फळीवर विचारावासा वाटतो. एक धंदा, तोही दरवर्षी लाखो रुपयांचा, तो आजवर ज्यांच्या मजुरीवर चालला त्यांच्याच हाती कायद्याने सोपवला गेला, असं उदाहरण इथे समोर आहे. मालकी आली, माल होताच, गिऱ्हाईकही होतं. नव्हता तो मुन्शी.

सिरोंचा म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशाचं आग्नेय टोक. गाव प्राणहितेच्या काठावर आहे. थोडं खाली ती गोदावरीला मिळते आणि पलीकडे काळेश्वरचं देऊळ दिसतं. आणखी पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. गडचिरोली हे जिल्ह्याचं ठिकाण इथून दोनशे किलोमीटरहून लांब, आणि नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. घराघरांत तेलुगू, आतल्या गावांत गोंडी-माडिया आणि कागदावर मराठी. हे एके काळी स्वतंत्र जिल्ह्याचं मुख्यालय होतं हे आज सांगूनही खरं वाटत नाही. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीराचे तालुके इंग्रजांकडे आले, त्यांचा अप्पर गोदावरी जिल्हा झाला आणि त्याचा कारभार सिरोंच्यातून चालला. ग्लासफर्ड नावाचा साहेब इथे डेप्युटी कमिशनर होता. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्याच्या शेपटाला आलं. तेव्हापासून इथल्या माणसाला कोणतंही प्रशिक्षण घ्यायचं तर आधी अख्खा दिवस बसमध्ये काढावा लागतो. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढच्या सगळ्या हिशेबात ती येणार आहे.

तेंदूला तेलुगूत तुनिकाकु म्हणतात आणि नदीपल्याड फळीला कल्लम. नावं बदलली तरी रीत एकच. महाराष्ट्राने १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याने तेंदूवर सरकारी मक्तेदारी आणली. जंगलाची युनिटं पाडायची, लिलाव करायचा, ठेकेदाराने पानं उचलायची. ठेकेदार आपला दिवाणजी, आपला मुन्शी, आपला चेकर घेऊन यायचा. गावाकडे फक्त तोडणी. पानं तोडणाऱ्याला गोणीचा दर माहीत असे, आपल्या वहीत किती पुडे चढले एवढं माहीत असे, आणि त्यापलीकडचं काही नाही. माल कुठे गेला, किती सुकला, किती भरला, किती भावाने विकला ही सगळी विद्या फळीच्या दुसऱ्या बाजूला. १९८० मध्ये नक्षलवाद्यांची पहिली दलमं प्राणहिता ओलांडून याच तालुक्यात शिरली. त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मागण्यांत तेंदूच्या मजुरीचा दर होता, यात आश्चर्य कसलं? दर वाढले. पण दर वाढवून घेणं वेगळं आणि धंदा चालवता येणं वेगळं. बंदुकीच्या धाकाने मजुरी वाढते, ताळेबंद मांडता येत नाही.

मग कायदे आले. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे पेसा नियम. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांकडे आली. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने क्वचितच एवढी मजल मारली असेल. तेंदूबाबत ग्रामसभेपुढे दोन पर्याय ठेवले गेले. विक्री वनविभागावर सोपवायची, किंवा आपली आपण करायची. पहिल्यात निर्धास्तपणा, दुसऱ्यात पैसा. निदान कागदावर तरी.

आपण विकायचं म्हणजे काय करायचं, हे एकदा नीट पाहू. यात व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातला एकही विषय सुटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी करून घ्यायची, म्हणजे नवी पानं मऊ आणि मोठी येतात. यंदा किती गोण्या निघतील याचा अंदाज बांधायचा. एक प्रमाण गोणी म्हणजे हजार पुडे. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, निविदा उघडायच्या, आजूबाजूच्या गावांनी किती भाव घेतला ते काढायचं. करारनामा लिहायचा. त्यात अनामत किती, हप्ते किती आणि कधी, वादळी पाऊस आला तर नुकसान कोणाचं, गोदामातून माल हलवण्याआधी किती टक्के रक्कम खात्यात जमा झालेली पाहिजे. फळीवर मुन्शी, चेकर, चौकीदार नेमायचे, त्यांचा पगार ठरवायचा. पुडे आठवडाभर उन्हात, त्यांची पलटाई, मग पाणी मारून बोद भराई, म्हणजे पोत्यांत भरणं. वाहतूक परवाने. बँकेचं खातं, पॅन, टीसीएस. घरवार मजुरीचं वाटप, त्यानंतर रॉयल्टीचं वाटप. शेवटी हे सगळं ग्रामसभेत वाचून दाखवायचं, आणि तेही ज्याच्या पानांचा हिशेब आहे त्याला समजेल अशा भाषेत. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. चूक सुधारायला पुढचं वर्ष.

हे काम येणाऱ्या माणसाला शहरात व्यवस्थापक म्हणतात. इथे बहुतेक वेळा ते काम बारावीपर्यंत शिकलेल्या पोराच्या गळ्यात पडलं, कारण गावात लिहिता येणारा तोच होता.

न शिकलेल्या मुन्शीची किंमत किती, याचा एक ढोबळ हिशेब मांडून बघतो. आकडे कल्पित आहेत, रीत नाही. समजा एका गावाच्या फळीवर हंगामात ३०० गोण्या उतरतात, म्हणजे तीन लाख पुडे. पुडे कमी भरतात, पानं फाटकी असतात, असं सांगून शेकड्यामागे पाच पुडे जास्तीचे मांडून घ्यायचे आणि वहीत शंभरच लिहायचे, ही तेंदूच्या पट्ट्यातली जुनी तक्रार. त्या हिशेबाने पंधरा हजार पुडे, म्हणजे पंधरा गोण्या, वहीबाहेर गेल्या. मजुरी आणि रॉयल्टी मिळून गोणीला दहा हजार धरले तर दीड लाख रुपये झाले. आता दोन तरुण आणि दोन तरुणींना वर्षभरात दहा-दहा दिवस शिकवायचं, त्या दिवसांची मजुरी द्यायची, बसभाडं आणि जेवण द्यायचं. रोजचे हजार रुपये धरले तरी चाळीस हजार. यात करारातलं एखादं कलम नीट न वाचल्याचा तोटा मी धरलेलाच नाही, आणि तो शेकडा पाचाचा नसतो, तो कधीकधी अख्ख्या रॉयल्टीचा असतो. २०१७ च्या हंगामात तेंदूचे भाव चढले होते. त्या जुलैत जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के, आणि पुढच्या वर्षी भाव कोसळले. चढ्या भावाच्या आशेवर बसलेल्या, आणि माल गेल्यावर पैशांची वाट पाहणाऱ्या ग्रामसभांना तेव्हा कळलं की करारातला हप्त्यांचा परिच्छेद हाच खरा करार असतो.

हिशेब असा उघडा-वाघडा दिसत असूनही प्रशिक्षणावर खर्च करायला धंदेवाले का कचरतात? याचं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सापडलं. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगावच्या कापड गिरण्यांत एक प्रयोग केला. १७ कंपन्या, २८ कारखाने. काहींना सल्लागार देऊन पाच महिने शिकवलं, काहींना फक्त महिनाभर तपासून सोडून दिलं. शिकवलं काय, तर ३८ साध्या सवयी. यंत्र बंद पडलं तर कारण लिहून ठेवा. सदोष कापडाची रोज नोंद करा आणि सकाळी सगळ्यांनी मिळून ती बघा. सुताचा साठा मोजा, जुनं सूत विकून टाका. पहिल्याच वर्षात शिकवलेल्या कारखान्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. सल्लागारांनी केलेली जादू म्हणाल तर एवढीच की माणसांना वही लिहायला लावली.

मला मात्र त्यातले दुसरे दोन निष्कर्ष जास्त महत्त्वाचे वाटतात. एक असा की कंपनी किती मोठी होणार हे मालकाच्या हुशारीपेक्षा त्याच्या घरात किती कर्ते पुरुष आहेत यावर ठरत होतं. कारण व्यवस्थापकाच्या हाती निर्णय द्यायला मालक तयार नव्हते. चोरी करील ही भीती. दुसरा मुलगा नसेल तर दुसरा कारखाना नाही. माणसाला शिकवायचं, पण ठरवू द्यायचं नाही, ही खास आपल्याकडची रीत तिथे आकड्यांत पकडली गेली. दुसरा निष्कर्ष नंतर आला. संशोधक आठ-नऊ वर्षांनी पुन्हा त्याच गिरण्यांत गेले, तेव्हा शिकवलेल्या सवयींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे कारखान्याचा व्यवस्थापक बदलला होता. तरीही न शिकवलेल्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

हा दुसरा निष्कर्ष सिरोंच्यात वाचताना जरा हसू येतं. इथे व्यवस्थापक दर वर्षी बदलतो.

गडचिरोलीतल्या शिकलेल्या पोराचं वर्ष पोलीस भरतीभोवती फिरतं. पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं दिसतात ती त्यासाठीच. हिशेब शिकलेला, संगणकावर अर्ज भरता येणारा, अधिकाऱ्यांशी मराठीत बोलता येणारा जो एक जण गावात तयार होतो, तोच भरतीतही उतरतो. तो गेला की वही कपाटात. वरून सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा कारखाना आता माणसं घेतात. खाणीवरून या जिल्ह्यात जे वाद झाले, जी रक्तपाताची वर्षं गेली, ती विसरून लिहिता येणार नाही. पण या लेखाच्या विषयापुरतं बोलायचं तर खाण चालवणाऱ्या कंपनीला प्रशिक्षणाचं अर्थशास्त्र ग्रामसभांच्या आधी कळलं. अवजड डंपर चालवायला स्थानिक मुलींना शिकवलं गेलं, आणि शिकलेली माणसं टिकावीत म्हणून कामगारांना कंपनीचे समभागही दिले गेले. शिकवण्याचा खर्च आणि धरून ठेवण्याचा खर्च एकाच खात्यात मांडायचा असतो. ग्रामसभेचा मुन्शी हंगामी मानधनावर, आणि मानधन कधी मिळेल ते ठेकेदाराच्या हप्त्यावर. मग तो कुठे जाईल?

बंगळुरूच्या शाही एक्स्पोर्ट्सच्या शिवणकारखान्यांत झालेला एक अभ्यास इथे आठवतो. शिलाई मशिनवर बसणाऱ्या बायकांना काही महिने बोलायला, वेळ आखायला, अडचण मांडायला शिकवलं गेलं. कंपनीला घातलेल्या पैशांवर अडीचशे टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला. बायकांचा पगार मात्र जवळजवळ जिथल्या तिथे. शिक्षणाने वाढलेलं उत्पादन मालकाच्या खिशात गेलं. हा अभ्यास कंपन्यांना प्रशिक्षणासाठी उत्तेजन म्हणून सांगितला जातो, आणि कामगारांनी तो वेगळ्या कारणासाठी वाचावा असं माझं मत आहे. फळीवर हा पेच येत नाही. इथे मालक आणि मजूर तोच. मुन्शीच्या वहीत वाचलेला प्रत्येक पुडा तोडणाऱ्याच्याच घरी जातो. तरीसुद्धा शिकवण्यावरचा खर्च ग्रामसभेच्या हिशेबात वेगळी ओळ म्हणून क्वचितच दिसतो. देवळाची दुरुस्ती दिसते, मंडप दिसतो, शाळेची भिंत दिसते. चांगलीच कामं आहेत ती. पण पोराला दहा दिवस शिकायला पाठवलं तर ते फिरायला गेलं असं गाव म्हणतं.

गावाला तरी दोष कसा द्यायचा? प्रशिक्षणाच्या नावाखाली त्यांनी पाहिलेलं काय आहे? मीही अशा एका कार्यशाळेत बसलो आहे. मागे बॅनर, पुढे हारतुरे, दीपप्रज्वलनात पाऊण तास, मग एका साहेबांनी पडद्यावर कायद्याची कलमं वाचून दाखवली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ती मराठी कळत नव्हती. दुपारी भाजी-पुरी, चारला प्रमाणपत्रं, साडेचारला परतीची शेवटची गाडी गाठायची घाई. वहीचं एक पानसुद्धा कोणी लिहून पाहिलं नाही. सिरोंच्याच्या माणसाला अशा एका दिवसासाठी तीन दिवस मोडावे लागतात: जायचा, बसायचा, यायचा. या तीन दिवसांची मजुरी कोण देणार, हे निमंत्रण पत्रिकेवर छापलेलं नसतं.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१४ मध्ये स्थापन झालं. त्याची बांबूची देखणी इमारत पाहायला लोक लांबून येत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला आग लागली. केंद्राने बायकांना बांबूकाम शिकवलं, ते काम खरं आणि चांगलं आहे. पण सरकारी मनाला प्रशिक्षण म्हटलं की आधी इमारत सुचते, एवढं नोंदवून पुढे जातो.

शिकवणं कसं असतं हे पाहायचं तर गडचिरोलीच्या जंगलात दोन-तीन जागा आहेत. कमलापूरचा हत्तीकॅम्प सिरोंचा वनविभागात येतो. लाकूड ओढायला आणलेले हत्ती, आणि त्यांच्यामागे माहूत. माहुताच्या हाताखाली चाराकटर असतो. आधी चारा तोडायचा, मग हत्ती धुवायचा, मग कान कसा हलतो ते बघायचं, आणि मग कधीतरी मानेवर बसायचं. प्रमाणपत्राचा समारंभ नाही. चूक झाली तर हत्ती लगेच सांगतो.

दुसरी जागा शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो वैद्यकाचा म्हणून ओळखला जातो. मी तो माणसं घडवण्याचा म्हणूनही वाचतो. थोड्याच इयत्ता शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांच्या हाती लगेच औषध-इंजेक्शन दिलं नाही. पहिलं वर्ष फक्त बघायचं आणि लिहायचं. बाळाचं वजन, ताप, श्वास, आईचं दूध. वर्षभराच्या नोंदींनंतर एकेक उपचार हाती आला, आणि प्रत्येक पायरीवर तपासणारा माणूस गावात येत राहिला. नवजात बाळांच्या मृत्यूचा दर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला, आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. आधी नोंद, मग अधिकार, आणि दोन्हीच्या वर देखरेख. तारापूरच्या अडतीस सवयींमध्ये याहून वेगळं काय होतं?

तिसरी जागा सगळ्यांना माहीत आहे, पण तिचं जे सांगितलं जातं त्यात माझ्या मते अर्धीच गोष्ट असते. मेंढा (लेखा). धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाने बांबू विकला आणि उलाढाल कोटीच्या घरात गेली. बातमी इथे संपते. पण मेंढ्याचा बांबू विकला जाण्याआधी वीस-पंचवीस वर्षं तिथे अभ्यासगट चालू होता. देवाजी तोफा आणि गावकरी, 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि बाहेरून येणारं कोणीही. एक विषय घ्यायचा, माहिती काढायची, खल करायचा. त्या गटात निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांच्या संमतीने. शिकण्याची जागा आणि ठरवण्याची जागा त्यांनी वेगळी ठेवली. त्यामुळे शिकताना कोणाला हरण्याची भीती नाही आणि ठरवताना कोणाला पढवलेला पाठ म्हणावा लागत नाही. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात हे तपशिलाने लिहिलं आहे. पॅन काढणं, ठेकेदाराशी वाटाघाट, आयकराची कपात समजून घेणं, ही सगळी कामं त्या गावाने नंतर केली. बांबू आला तेव्हा मुन्शी घरात तयार होता. एकच नव्हे, अनेक.

सिरोंच्याकडे तशी पंचवीस वर्षं नव्हती. बहुतेक ग्रामसभांकडे नव्हती. कायदा एका हंगामात लागू होतो, माणूस एका हंगामात तयार होत नाही. हे ओळखून काही प्रयत्न झाले. आदिवासी विकास विभागाच्या मदतीने मुंबई विद्यापीठाने सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतल्या तरुणांसाठी पाच महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला, त्यामागे माधव गाडगीळ यांच्यासारख्यांचा आग्रह होता. गोंडवाना विद्यापीठाने ग्रामसभांचं प्रशिक्षण आपलं काम मानलं. एखाद्या विद्यापीठाने गावसभेच्या हिशेबनिसाला विद्यार्थी म्हणावं, ही गोष्ट लहान नाही. कोरची तालुक्यात नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एका गावाला न परवडणारं शहाणपण अनेक गावांना मिळून परवडतं, हे त्यांनी लिलाव एकत्र करून दाखवलं. ठेकेदार एका गावाच्या पोराला गुंडाळू शकतो. नव्वद गावांचे मुन्शी एका जागी बसून दर ताडून पाहू लागले की त्याला नीट बोलावं लागतं.

सिरोंच्याला हे जसंच्या तसं आणता येणार नाही, कारण इथला अडसर वेगळा आहे. फळीवर मोजणी तेलुगूत होते, 'वंद' म्हणजे शंभर, आणि वहीत ती मराठीत उतरते. करारनामा मराठीत, ठेकेदार बहुधा तेलंगणातला, त्याची दिवाणजीशी बोली तेलुगूत, आणि बँकेचा कागद इंग्रजीत. या सगळ्या भाषांच्या मध्ये उभा असलेला मुन्शी हा कारकून नाही, तो दुभाष्या आहे. त्याला कलमं शिकवण्याआधी कलमाचं तेलुगू आणि गोंडी सांगणारा शिक्षक लागतो. असे शिक्षक नागपूरहून येत नाहीत. ते आधीच्या हंगामात वही लिहिलेल्यांतूनच निघतात. म्हणून मला वाटतं की शिकवायचंच असेल तर सिरोंच्यातच, फळीवरच, आणि हंगामाच्या घड्याळाने. फेब्रुवारीत अंदाज आणि जाहिरात, मार्चमध्ये करारनामा वाचणं, एप्रिलच्या शेवटी नमुन्याची वही, मे महिन्यात रोज संध्याकाळी अर्धा तास ताळा, आणि पावसाळ्यात, हाताला काम कमी असताना, हिशेबाचं वाचन. प्रत्येक फळीला किमान तिघं, त्यांत किमान दोन बाया. बायांचा आग्रह समतेपोटी आहेच, पण धंद्याचंही कारण आहे. पुडे बहुतांशी त्याच बांधतात, त्यामुळे कोणाच्या घरून किती निघाले हे त्यांना वहीआधी माहीत असतं. आणि पोरं भरतीला जातात तशा लेकुरवाळ्या बाया गाव सोडून सहसा जात नाहीत.

व्यवस्थापन आलं म्हणजे विक्री वाढली, असंच दर वेळी होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गावाने बसून आपले नियम लिहिले, बांबूचा धंदा उभा केला, आणि तेंदूची तोडणी बंद करून टाकली. हातात येणारा रोख पैसा नाकारला. कारण त्यांच्या हिशेबात पानांसाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी झाडाला आणि जंगलाला महाग पडत होत्या, आणि पिकलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, माणसांना आणि पाखरांना हवी होती. कुठल्याही ठेकेदाराचा मुन्शी हा निर्णय घेऊ शकला नसता. त्याच्या वहीत झाडाचा रकानाच नसतो.

सिरोंच्यात तेंदू बंद होणार नाही, आणि कापूस-मिरची-धानाच्या बेभरवशी शेतीवर जगणाऱ्यांना तो बंद करा असं सांगण्याचा मला अधिकारही नाही. मेच्या हंगामात हाती येणारी रक्कम हीच इथल्या कित्येक घरांची वर्षाची पहिली रोकड असते. बियाणं त्यातून येतं, लग्नं त्यातून होतात, नदीपल्याडच्या दवाखान्याची उधारी त्यातून फिटते. म्हणूनच फेब्रुवारीत झुडपं छाटायला माणसं निघण्याआधी जी ग्रामसभा बसते, तिथे भावाच्या आधी दुसरा एक विषय यायला हवा: यंदा वही कोणाकडे? मागच्या वर्षीचा पोरगा भरतीत लागला असेल तर त्याच्याबरोबर बसलेली दुसरी कोण? तिने किती संध्याकाळी पुडे मोजले आहेत? मोजताना शेकडा कुठे संपतो हे ती मोठ्याने म्हणते की मनातल्या मनात? फळीवर मोठ्याने मोजणारा मुन्शी बरा. रांगेच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही 'वंद' ऐकू येतो, आणि त्याच्यापुढे जास्तीचा पुडा पडला की ती मान वर करून बघते.